घर बघायला सुनेला बरोबर न्या



आज शहरातल्या फ्लॅटविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आपला आणि फ्लॅटचा काय संबंध? आहे ना. आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं पुण्याला, चाकणला, नाशिकला कामाला आहेत. त्यांनी घर घ्यायचं म्हटलं की इथला जमिनीचा तुकडा विकला जातो, सुनेचे दागिने बँकेत जातात आणि आईचं बचत गटाचं पासबुकही बाहेर निघतं.

आमच्या गटातल्या एका मावशींचीच गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय. मुलाच्या फ्लॅटसाठी त्यांनी गटातून 40,000 रुपये कर्ज उचललं. दिवाळीनंतर महिनाभर राहायचं म्हणून हौसेनं गेल्या आणि बाराव्या दिवशी परत आल्या. आम्हाला वाटलं, सुनेशी काही वाजलं असेल. तर म्हणाल्या, "सून गुणाची आहे गं. पण ते घर अंगावर येतं."

पुढे मी प्रशिक्षणाला पुण्याला गेले, तेव्हा मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन आले. गेटवर मोठी कमान, आत कारंजं, पोहायचा तलाव. मी म्हटलं, वा! लिफ्टनं सातव्या मजल्यावर गेले. दार उघडल्यावर समोर काय दिसलं? संडासाचं दार. हॉलच्या एका कोपऱ्यातच ओटा. तिथे एक बाई उभी राहिली की दुसरीला जागा नाही. फ्रिज उघडायचा तर ओट्याजवळचीनं आधी बाहेर यायचं. खिडकी आहे, पण ती डक्टमध्ये उघडते. डक्ट म्हणजे पाइप न्यायला ठेवलेली उभी बोळच. तिथून ना ऊन येत, ना वारा. मिरचीची फोडणी दिली की आतल्या खोलीतलं बाळ खोकायला लागतं.

मागे ड्राय बाल्कनी आहे. मशीन ठेवल्यावर तिथे बादलीसुद्धा मावत नाही. बेडरूममध्ये पलंग टाकला तर कपाटाचं एक दार उघडत नाही. मावशींनी झोपायचं कुठे? हॉलमध्ये. म्हणजे टीव्ही बंद होईपर्यंत म्हातारीनं पाठ टेकायची नाही. आणि त्या तलावात घरातलं कोणी एकदाही उतरलेलं नाही, पण त्याचा मेंटेनन्स महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो.

मी सुनेला विचारलं, "घेताना हे दिसलं नाही का?" ती म्हणाली, "ताई, बघायला हे, मामंजी आणि एजंट गेले होते. मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला."

मैत्रिणींनो, सगळी गोम इथे आहे. ज्या बाईचा निम्मा दिवस त्या ओट्यापाशी जाणार, तिलाच कोणी विचारलं नाही. घर काढणाऱ्यानंही नाही आणि घेणाऱ्यांनीही नाही.

अशी घरं का बांधतात? शहरात जमीन महाग. मधे लिफ्ट आणि जिना ठेवून भोवती जितके फ्लॅट बसतील तितके बसवतात. मग पुष्कळ घरांना एकाच बाजूनं खिडक्या येतात आणि वारा आरपार जात नाही. खर्च मात्र जाहिरातीत दिसेल अशा गोष्टींवर, म्हणजे कमानीवर आणि कारंज्यावर.

घर लहान असलं की वाईटच असतं, असं नाही हं. आपल्या घरकुल योजनेचं घर 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट. पण ते आपण स्वतः उभं राहून बांधून घेतो. खिडकी कुठे, ओटा कुठे, हे गवंड्याला सांगतो. शहरातही चांगलं करता येतं. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया या वास्तुविशारदांनी 1980 च्या दशकात एक वसाहत आखली. लहान लहान अंगणांभोवती बैठी घरं आणि पुढे गरजेप्रमाणे वाढवायची सोय. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

आता आपण काय करायचं ते सांगते. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिलं, सॅम्पल फ्लॅटला भुलू नका. तिथे पुष्कळदा आतली दारं लावलेली नसतात, पलंग आखूड असतो, भिंतीला आरसे असतात आणि भर दुपारी सगळे दिवे चालू असतात. दिवे बंद करायला सांगा. टेप न्या. आपला पलंग, कपाट, फ्रिज घरी मोजून जा आणि तिथे जमिनीवर खडूनं आखून बघा.

दुसरं, एजंट तोंडानं हजार फूट म्हणेल. आपण विचारायचं, कार्पेट किती? कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. रेरा कायद्याप्रमाणे हाच आकडा करारात लिहावा लागतो.

तिसरं, महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. 2017 पासून आपल्याकडे महारेरा आहे. त्यांच्या वेबसाइटवर तो क्रमांक टाकला की इमारतीची माहिती आणि ताबा कधी मिळणार ती तारीख बघता येते. मुलाला मोबाईलवर काढायला लावा. मंजूर नकाशा मागून घ्या आणि त्यात स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते यावर बोट ठेवून विचारा.

चौथं, करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आजच भरा, उद्या भाव वाढेल" म्हटलं तरी घाबरू नका.

पाचवं, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरनं विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पण लक्षात ठेवा, गळती दुरुस्त होईल, डक्टमधली खिडकी काही रस्त्याकडे येणार नाही. ते आधीच बघायला हवं.

मावशींचे गटाचे अजून सहा हप्ते बाकी आहेत. त्या वेळेवर भरतात, कुरकुर करत नाहीत. परवा बैठकीत एवढंच म्हणाल्या, "पैसे द्यायला मी होते, बघायला मीपण जायला हवं होतं."

तेव्हा तुमच्या घरातून कोणी फ्लॅट बघायला निघालं, तर गाडीत एक जागा सुनेची आणि एक सासूची ठेवा. तिथे गेल्यावर दोघींनी आधी ओट्यापाशी उभं राहून बघा. दोघी मावल्या, तर पुढचं बोलणं करा.

पुढच्या गुरुवारी भेटू.