दादा कुठे असतो?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"दादा सध्या कुठे असतो गं?" सकाळपासून चौघांनी विचारलं. तो आपल्याच शाळेचा, तीन वर्षं पुढे. फळ्यावर सुविचार लिहायचा, म्हणून तुमच्या लक्षात आहे. वीस वर्षं मी "पुण्याला नोकरी करतो" असं सांगत आले. आज खरं सांगते, त्याला विचारूनच. दादा इथेच खोपटला, माझ्याकडे असतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे.

आपल्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद साऱ्या महाराष्ट्राने केला. मधल्या सुट्टीत आपणही केला. दादाचं निदान झालं तेव्हा तो माझ्या घशात अडकला.

२००४ साली सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. अतुल कुलकर्णींचा आजारी शेष आणि त्याच्यासाठी धडपडणारी बहीण. बघून आई एवढंच म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखी आणखी घरं आहेत." डॉक्टर जे दोन वर्षं समजावत होते, ते तिला त्या दुपारी पटलं.

पाच वर्षांपूर्वी दादाला माझा जुना मोबाइल दिला. तो एसटी स्टँडवर जाऊन आवाज रेकॉर्ड करू लागला. कंडक्टरची घंटी, चहाच्या ग्लासांची किणकिण. मला धास्तीच वाटली. ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, त्याने हा नाद करावा? डॉक्टर म्हणाले, "करू दे, पण गोळ्या चुकवू नका." मग ऑफिसातून आल्यावर मी त्याला आवाज कापायला, जोडायला शिकवलं.

एका रात्री त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. "हा तुला येतोय?"
"येतोय."
"मग तो खरा."

इतक्या वर्षांत त्याने मला आतलं काही पहिल्यांदाच सांगितलं होतं.

हा काही चमत्कार नाही. गोळ्या चालूच आहेत. गेल्या वर्षी दोन महिने त्याने मोबाइलला हातही लावला नाही. मग एके दिवशी आपणहून चार्जिंगला लावला.

आत्ता तो बाहेर पायरीवर बसलाय. शाळेची घंटा रेकॉर्ड करायला आलाय. जेवणाआधी त्याला जरूर भेटा. आजाराचं नको, सुविचारांचं विचारा.