पाठीवरचा पंप मधेच का बंद पडतो?

वेरूळ, खुलताबाद आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर सध्या फवारणीची घाई आहे. मका गुडघ्याला आलाय, कपाशीला पाते लागलेत, अद्रकीच्या वाफ्यात पाय ठेवायला जागा नाही. आणि नेमक्या याच दिवसांत गटाचा पेट्रोलवर चालणारा जुना पंप पाच मिनिटं चालतो आणि गपकन बंद पडतो. थोडा वेळ ठेवला, दोरी ओढली, की परत चालू. परत पाच मिनिटांनी बंद.

एक दिवस गेला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण २०१८ साली आपल्याकडे मक्यावर लष्करी अळी आली, तेव्हापासून एका दिवसालाही किंमत आली आहे. अळी लहान असते तोवर औषध लागू पडतं. मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली, वर विष्ठेचं बूच बसलं, की कितीही फवारा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. शिवाय पंप भाड्यानं देऊन गटाच्या खात्यात चार पैसे येतात, तेही थांबतात. मग कुणीतरी सांगतं, "कार्बोरेटर गेला, नवीनच टाका," नाहीतर, "भंगारात द्या." दोन्ही करायच्या आधी आज मी सांगते ते बघा. बहुतेक वेळा दोष कार्बोरेटरचा नसतो, पेट्रोल वाटेत कुठंतरी अडलेलं असतं.

आधी हे ठरवायचं, की पेट्रोल अडलंय की ठिणगी. पंप बंद पडला की दोरी तीन-चार वेळा ओढा, इंजिन थोडं निवू द्या आणि पान्यानं प्लग काढा. प्लगचं टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल आतपर्यंत येतच नाही. ओलं असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल येतंय. मग प्लग, वायर, ठिणगी तिकडं बघायचं. त्यावर वेगळं बोलावं लागेल. आज आपण कोरड्या प्लगचं बघू.

टाकीपासून सुरुवात करा. अगदी वरून, झाकणापासून. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकच पाडलं तर तेल गुडगुड करत थांबत थांबत येतं, कारण तेल बाहेर यायला हवा आत जावी लागते. पंपाच्या झाकणालाही तसंच बारीक भोक असतं. आपल्या रानातली माती, औषधाची भुकटी, जुनं तेल यांनी ते बुजतं. मग टाकीतून पेट्रोल ओढलं जातं तशी आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. थोडा वेळ पंप ठेवला की कुठूनतरी हवा शिरते आणि पंप परत चालू होतो. म्हणून "पाच मिनिटं चालतो, मग बंद" हे लक्षण दिसलं की पहिलं काम एकच. पंप बंद पडताच खाली ठेवून झाकण सैल करा. फुस्स असा आवाज आला आणि लगेच पंप चालू झाला, तर रोग सापडला. झाकण धुवा, भोक मोकळं करा. खर्च शून्य. सैल झाकणावर मात्र पंप पाठीवर घेऊ नका, पेट्रोल गरम इंजिनावर सांडेल.

कोकणात होडीच्या पाठीला जे इंजिन लावतात, त्याचंही असंच होतं. तिथं पेट्रोलची टाकी होडीत वेगळी ठेवलेली असते आणि तिच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो उघडायचा राहिला की होडी बंदरातून झोकात निघते आणि थोडं अंतर गेल्यावर पाण्यात मधोमध बंद पडते. आपण निदान बांधावर तरी असतो.

झाकण ठीक असेल तर आता नळी. टाकीच्या आत नळीच्या टोकाला छोटी गाळणी लटकलेली असते. वाकवलेल्या तारेनं ती अलगद बाहेर ओढा. काळी-तपकिरी, चिकट झाली असेल तर बदला. किंमत किरकोळ असते, धुऊन परत घालण्यात अर्थ नाही. काही जुन्या पंपांत गाळणी कॉकच्या खालच्या वाटीत असते, ती वाटी हातानं फिरवून निघते.

नळी बोटांत धरून वाकवून बघा. कडक झाली असेल, वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर तीही बदला. इथं एक गंमत आहे. ज्या नळीतून इंजिन पेट्रोल ओढून घेतं, तिला चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. वरून सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं आणि पंप मात्र दम टाकतो. आणि कृपा करून सलाईनची नळी लावू नका. घरोघरी ही युक्ती बघते मी. स्वस्त असते, आरपार दिसते, खरं आहे. पण पेट्रोलनं ती थोड्याच दिवसांत काठीसारखी कडक होते आणि सांध्यातून सुटते. पेट्रोलचीच म्हणून मिळते ती नळी घ्या, फूटभर पुरते.

तुमच्या पंपाला बोटानं दाबायचा रबरी फुगा असेल तर तो फार उपयोगाचा आहे, तोच सांगतो कुठं बिघडलंय. दाबून सोडल्यावर फुगा चपटाच राहिला, वर आलाच नाही, तर टाकीकडची बाजू बंद आहे: गाळणी नाहीतर नळी. फुगा वर येतो, पण आत नुसते बुडबुडेच दिसतात, तर कुठंतरी हवा ओढली जातेय किंवा गाळणी पेट्रोलात बुडालेलीच नाही. फुगा पेट्रोलनं नीट भरतो आणि तरी प्लग कोरडा, तर आता कार्बोरेटर.

त्याआधी आणखी एक खूण. चोक अर्धा लावला की पंप चालतो आणि चोक उघडला की मरतो? म्हणजे पेट्रोल येतंय, पण पोटभर येत नाही. चोकनं हवा कमी होते म्हणून तेवढ्यावर भागतं. नळीला चीर नसेल, तर अशा वेळी जेट चोंदलेलं असतं.

जेट म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या रॉकेलच्या स्टोव्हचं निपल समजा. पितळेचं, मधे केसाएवढं भोक. स्टोव्ह भकभक करायला लागला की आपण पिन घालायचो. इथं तो मोह टाळा. स्टोव्हची पिन पोलादी, जेट मऊ पितळेचं. भोक जरासं मोठं झालं तरी पंप धूर ओकतो, पेट्रोल जास्त खातो आणि मग खरंच नवा कार्बोरेटर घ्यावा लागतो. जेट काढून थोडा वेळ स्वच्छ पेट्रोलात बुडवा, सायकलच्या पंपानं हवा मारा. तरी नाही निघालं तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच बारीक तंतू घाला. उजेडाकडं धरल्यावर भोक गोल आणि लख्ख दिसलं पाहिजे.

खाली वाटी असलेल्या कार्बोरेटरात पाण्याच्या टाकीत असतो तसा तरंगता बॉल असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि सुई पेट्रोल बंद करते. बरेच महिने पडून राहिलेल्या पंपात ही सुई चिकटते. पान्याच्या लाकडी मुठीनं वाटीवर हलकेच दोन टिचक्या मारा, कधीकधी तेवढ्यानं सुटते. हे स्क्रू उघडताना खाली जुनं ताट ठेवा. बारीक स्प्रिंग मातीत पडली की सापडत नाही.

वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि उन्हाबाहेर ठेवून बघा. तळाशी वेगळा थर दिसला तर पेट्रोलात पाणी आहे. हा त्रास आता जास्त दिसतो, त्याचं कारण समजून घ्या. आपल्याच उसापासून आणि मक्यापासून इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलात मिसळलं जातं. २०२२ मध्ये देशात हे प्रमाण १० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळी हवेत अर्धी टाकी महिनोन् महिने पडून राहिली, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं. जुन्या पंपांची रबरं या मिश्रणासाठी बनवलेली नसतात, ती फुगतात नाहीतर भुगा होतात. ज्या पंपात पेट्रोलबरोबर ऑईल घालावं लागतं, त्यात धोका आणखी मोठा, कारण तळाच्या त्या थरात ऑईल नसतं. तेच इंजिनात गेलं तर पिस्टन घासून जाम होतो, आणि तो खर्च हजारांत जातो. असं पेट्रोल पंपात घालू नका आणि विहिरीजवळ ओतूही नका.

ऑईलचं माप अंदाजानं नको. टाकीवर किंवा पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर एक लिटरला ४० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली, ५०:१ असेल तर २० मिली. मुलांच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं झाकण येतं, ते एक या कामाला कायमचं ठेवा. कीटकनाशकाचं माप आणि हे माप कधीही एक करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नळी तोंडानं ओढायची नाही, जेट तोंडानं फुंकायचं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणीच्या पंपाचा कुठलाही भाग तोंडाला लावणं म्हणजे विष तोंडाला लावणं. आणि नुसतं पेट्रोलसुद्धा घोटभर गेलं तर पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त धोका असतो. कुणी पेट्रोल किंवा रॉकेल प्यालं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उलटीबरोबर ते श्वासनळीत जातं. १०८ ला फोन करा, लगेच दवाखाना गाठा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका. लेकरं घोट घेतात ती त्याच बाटल्यांतून. पंप उघडाल तो चुलीपासून लांब, मोकळ्या हवेत, इंजिन निवल्यावर, आणि आधी साबणानं हात धुऊन.

फवारणी संपली की टाकी रिकामी करा आणि मग पंप चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरातला शेवटचा थेंबही संपतो. झाकणावर तारीख लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवा. गटात पंप चार घरी फिरतो, शेवटी कुणी रिकामा केला हे पुढच्या घरच्या बाईला कळायला हवं. एवढं सगळं बघूनही प्लग कोरडाच राहिला, तर मेस्त्रीकडं जा, पण जाताना काय काय तपासलंत ते सांगा आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्या.