दही संपलं, पण विरजण आहे ना?

मला दिलेली पाच मिनिटं मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे.

डांग्या खोकल्याची लस बाळाला दीड महिन्यापासून मिळू लागते, हे तुम्ही जाणताच. ती लागू पडली का, हे बघायला बहुधा रक्तातली प्रतिपिंडं मोजतात. आकडा मोठा आला की हायसं वाटतं, काही वर्षांनी तो उतरला की धास्ती. अहो, प्रतिपिंडं म्हणजे दही. ते संपायचंच. दही संपलं म्हणून घरातली बाई हवालदिल होत नाही, ती भांड्याच्या तळाशी विरजण उरलंय का ते बघते. जंतूची ओळख धरून बसलेल्या टी-पेशी हे शरीरातलं विरजण. त्यांची विचारपूस मात्र फारसं कुणी करत नाही.

विरजण जिवंत आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. कोमट दुधात घालून रात्रभर ठेवावं लागतं. एलिस्पॉट नावाच्या चाचणीत हेच करतात. ताजं रक्त एका दाट द्रवावर अलगद सोडून यंत्रात फिरवलं की मधोमध सायीसारखा पांढुरका थर धरतो. तो पिपेटनं उचलायचा. हात थरथरला की साय मोडली. मग त्या पेशी 96 खळग्यांच्या थाळीत, जंतूच्या प्रथिनांबरोबर, 37 अंशांवर ठेवायच्या. ज्या पेशीला जंतू आठवतो ती इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडते आणि रंग चढवल्यावर तिच्या जागी ठिपका दिसतो, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. एक ठिपका म्हणजे एक पेशी. शेजारच्या खळग्यात प्रथिनाशिवाय तशाच पेशी ठेवलेल्या असतात. तिथले ठिपके वजा करायला विसरलात तर सगळा हिशोब फसवा.

पुन्हा सांगतो, दही मोजून विरजणाचा अंदाज बांधू नका. कारण विरजणाचाही गुण असतो. एकाचं दही घट्ट लागतं, दुसऱ्याच्या दह्याला पाणी सुटतं. आपल्या सरकारी लसीकरणात अख्ख्या, मारलेल्या जंतूची लस देतात. तिनं टी-पेशींना जे वळण लागतं ते खऱ्या आजारानंतरच्या वळणाच्या जवळचं असतं. निवडक प्रथिनांच्या लसीनं, जिला आपण ‘पेनलेस’ म्हणतो, ते वेगळं लागतं. अमेरिकेत बबून माकडांवर केलेला प्रयोग 2014 साली छापून आला. ही दुसरी लस दिलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण जंतू आठवडेच्या आठवडे त्यांच्या घशात राहिला आणि सोबतच्या माकडांनाही लागला. प्रतिपिंडं त्यांच्याही रक्तात भरपूर होती!

म्हणून आईबापांनो, अख्ख्या जंतूच्या लसीनं येणाऱ्या एका रात्रीच्या तापाला भिऊन लस निवडू नका. पेनलेस आधीच दिली असेल तर घाबरूही नका. गंभीर आजारापासून तीही वाचवते. बूस्टर तेवढा चुकवू नका.

एलिस्पॉटसाठी चिमुकल्या बाळाचं रक्त मिळतं जेमतेम एक-दोन मिलिलिटर. त्यातून किती खळगे भरणार? हा मोठाच पेच आहे, आणि त्यावर... असो, घड्याळ पुढं गेलंय. एक मात्र सांगायलाच हवं. हे सारं झालं रक्तातलं. जंतू बसतो नाकात, श्वासनळीत. तिथंच ठाण मांडून राहणाऱ्या टी-पेशी रक्ताच्या नमुन्यात सापडत नाहीत. त्या मोजायच्या तर नाकातूनच नमुना घ्यायला हवा, आणि तो घेताना... वेळ संपल्याची खूण झाली.