शाम शुई पोमधली चूल

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हाँगकाँगला जाऊन आले म्हटल्यावर बहुतेकींनी मला तीन गोष्टी विचारल्या. काय आणलंस? त्या उंच इमारती पाहिल्यास का? आणि तिथे खाल्लंस काय? पहिल्या दोन प्रश्नांवर माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. तिसऱ्यावर मात्र बरंच आहे, कारण खाण्याच्या मागे लागले आणि थेट आपल्या चळवळीच्या जुन्या विषयावर येऊन पोचले. चुलीच्या.

माझी भाची तिथे नोकरी करते. तिच्याकडे मी तीन आठवडे राहिले. ती सकाळी आठला बाहेर पडायची ती रात्रीच उगवायची. तेव्हा तिच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला फिरवायचं मनावर घेतलं. साठी ओलांडलेल्या, काटक, चालायला माझ्या दुप्पट. दोघींचंही इंग्रजी बेताचं, त्यामुळे बोलणं सोपं झालं. लांबलचक वाक्यांत अडकायची भीतीच नव्हती. त्या म्हणाल्या, दुकानांच्या झगमगाटात तुला नेत नाही, मी जिथे वाढले तिथे चल. म्हणून आम्ही शाम शुई पोला गेलो.

शाम शुई पो हा कौलूनमधला भाग. नावाचा अर्थ खोल पाण्याचा धक्का. समुद्रात भराव घालून घालून पाणी आता इतकं दूर गेलंय, की धक्का फक्त नावात उरलाय. मुंबईकरणींना यात नवल वाटणार नाही. एका रस्त्यावर जुने रेडिओ, वायरी, मोबाइलचे सुटे भाग. पलीकडे यू चाऊ स्ट्रीटवर नुसते मणी. नाम चोंग स्ट्रीटवर फिती, लेस, बटणं. आणि पेई हो स्ट्रीटला भाजी, मासळी, कोंबड्या. मासळीवाल्या बायका इतक्या मोठ्यांदा ओरडतात, की एक अक्षर न कळताही भाव समजतो.

आता खाणं. चोंग-फन नावाचा एक पदार्थ आहे. तांदळाच्या पिठाचा पातळ थर वाफवायचा, त्याची सैल गुंडाळी करायची, कात्रीने कचाकच तुकडे कापायचे आणि वरून सोयाबीनचा रस, तिळाची चटणी, एक गोडसर चटणी आणि भाजलेले तीळ. बांबूच्या काडीने खायचं. आपलं घावन तव्यावर होतं, हे वाफेवर, एवढाच फरक. कोकणातल्या आजीला दिलं असतं तर तिने चटणीला नाव ठेवून उरलेलं सगळं संपवलं असतं. मग पुट चाय को. चिनी मातीच्या छोट्या वाटीत तांदळाचं पीठ, साखर आणि लाल घेवड्यासारखे दाणे घालून उकडतात, आणि दोन काड्या खुपसून अलगद बाहेर काढून हातात देतात. मऊ रेशमासारखं सोयाबीनचं ताउ फू फा, वर तपकिरी साखर. मी मासे खाते, डुकराचं मांस खात नाही, तरी उपाशी राहायची वेळ एकदाही आली नाही. करी घातलेले माशाचे गोळेही खाल्ले. त्यातली करी कुठल्या गावची हे मला ओळखता आलं नाही, पण ती आपली नव्हे एवढं नक्की!

चहाच्या दुकानाला तिथे चा चान तेंग म्हणतात. श्रीलंकेचा कडक चहा लांब कापडी पिशवीतून पुन्हा पुन्हा गाळतात आणि आटीव डबाबंद दूध घालतात. चहा आणि कॉफी एकाच पेल्यात मिसळूनही पितात. पहिला घोट घेतल्यावर मला वाटलं, कुणाचं तरी भांडण मिटवायला काढलेली तोड असावी.

या दुकानांतली एक रीत मला फार आवडली. तिला ताप-तोई म्हणतात. टेबलावर जागा दिसली की अनोळखी माणसाच्या शेजारी जाऊन बसायचं. कुणी विचारत नाही, कुणी वर बघत नाही. पहिल्या दिवशी माझ्या समोर एक म्हातारी शेवयांच्या सूपात तोंड घालून बसली होती, शेजारी गणवेशातला मुलगा, पलीकडे एक रंगारी. एकटी बाई, आपल्या पैशाने, आपल्याला हवं ते, सावकाश खातेय, आणि तिची कुणाला दखल घ्यावीशी वाटत नाही. आपल्याकडच्या इराण्याच्या हॉटेलातली 'फॅमिली रूम' आठवा. बाई बाहेर खायला आली तर तिला पडद्याआड बसवायला केलेली ती सोय. आजही आपल्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात एकटीने मिसळ खाऊन बघा, कोण कोण बघतं ते. म्हणून मी ताप-तोईला क्षुल्लक समजत नाही.

मी आमच्या बाईंना म्हटलं, तुमच्या बायका सुखी आहेत. रांधा, वाढा, उष्टी काढा यातून सुटल्या. घरी चूलच नको! त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, चूल नको होती असं नाही, चूल ठेवायला जागा नव्हती. आणि मला मेई हो हाउस नावाच्या इमारतीकडे घेऊन गेल्या.

१९५३ साली नाताळच्या रात्री तिथल्या शेक किप मेई या झोपडपट्टीला आग लागली. चीनमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती ती. एका रात्रीत पन्नास हजारांहून जास्त माणसं उघड्यावर आली. त्यानंतर सरकारने इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराच्या इमारती उभ्या केल्या. पाच मोठ्या माणसांना मिळून १२० चौरस फुटांची एक खोली. नळ आणि संडास सामाईक. स्वयंपाकघर नाहीच. बायका खोलीच्या दारासमोरच्या गॅलरीत घासलेटचा स्टोव्ह ठेवून रांधायच्या. त्या जुन्या इमारतींपैकी ही एकच आता जपून ठेवली आहे. त्यात २०१३ पासून प्रवाशांसाठी वसतिगृह आणि लहानसं संग्रहालय आहे. आमच्या बाई अशाच एका इमारतीत वाढल्या. त्यांच्या आईचा स्टोव्ह, शेजारणीचा स्टोव्ह, पलीकडचीचा स्टोव्ह, अशी मजलाभर रांग. कुणाकडे आज काय शिजतंय आणि कुणाकडे काहीच शिजत नाही, हे सगळ्यांना कळायचं. आपल्या चाळींत याहून काय वेगळं होतं? त्याच गॅलरीत बायका-मुलं कारखान्यांतून आणलेली प्लास्टिकची फुलं जोडत बसायची, नगावर पैसे. हाँगकाँगची जी भरभराट सगळे सांगतात, तिच्यात ही गॅलरीतली फुलं धरलेली असतात का, हे कुणीतरी विचारायला हवं.

पुढे चांगली घरं बांधली गेली, स्वयंपाकघरंही आली. पण सगळ्यांना नाही. शाम शुई पोमध्ये आजही एका फ्लॅटचे चार-पाच तुकडे करून भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. २०२१ च्या जनगणनेत अशा खोल्यांमध्ये सबंध हाँगकाँगमध्ये दोन लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. त्यांतल्या कित्येक खोल्यांत संडासाच्या भांड्याशेजारीच फळी टाकून भाजी चिरावी लागते. ८ चौरस मीटरहून लहान खोली भाड्याने देता येणार नाही, असा कायदा व्हायला २०२५ साल उजाडलं. जिथे चूल आणि संडास यांच्यात एका हाताचं अंतर आहे, तिथली बाई मुलाला खाली नेऊन चोंग-फन खायला घालते तेव्हा त्याला चैन म्हणायचं का?

अशा खोल्यांत चीनमधून लग्न करून आलेल्या बायका पुष्कळ. त्यांच्यातल्या एकीचं नाव तुम्हाला माहीत असायला हवं. कोंग युन-मिंग. २००५ च्या डिसेंबरात ती नवऱ्याकडे राहायला हाँगकाँगला आली, आणि दुसऱ्याच दिवशी नवरा वारला. त्याचं सरकारी घर परत घेतलं गेलं, तिला निवाऱ्यात जावं लागलं. मदत मागितली तर उत्तर मिळालं, सात वर्षं इथे राहिल्याशिवाय मदत नाही. हा नियम २००४ सालीच एका वर्षावरून सात वर्षांवर नेलेला होता. ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टांत हरली. २०१३ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च कोर्टाने तो नियम रद्द केला. आठ वर्षं! एका विधवेने लढून हजारोंसाठी वाट मोकळी केली.

विधवांवरून आठवलं. रस्त्यावरच्या उघड्या खानावळी, म्हणजे दाई पाई दोंग, त्यांच्यातल्या उरलेल्या काही शाम शुई पोमध्ये आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर मेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या सरकारी नोकरांच्या कुटुंबांना पोटासाठी हे परवाने दिले होते. पुढे नवे परवाने बंद झाले. परवानेदार गेला तर परवाना फक्त नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचा, मुलाकडे नाही. त्यामुळे कढईपाशी पुरुष दिसला तरी कागदावर कुणाचं नाव आहे, हे मी जिथे तिथे विचारत सुटले. आमच्या बाई वैतागल्या.

आणि मागची गल्ली. पुढे वाफाळती भांडी, मागे ठेंगण्या स्टुलावर बसून प्लास्टिकच्या टबांत बशा घासणाऱ्या बायका, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. आमच्या बाईंच्या थोरल्या बहिणीने शिवणाच्या कारखान्यात वीस वर्षं काढली. १९८० नंतर कारखाने एकेक करून चीनमध्ये गेले. मशीनवरच्या बायका बशांवर आल्या. मी घरचा स्वयंपाक सुटला म्हणून ज्याचं कौतुक करत होते, तो इथे येऊन बसला होता.

आता एका शब्दाविषयी सांगते. कँटोनीज भाषेत थोरल्या बहिणीला चे-चे म्हणतात. आपली ताई. गंमत अशी की घरकामाला ठेवलेल्या परदेशी बाईलाही मुलं चे-चेच म्हणतात. आपण नाही का, भांडी घासणाऱ्या बाईला मावशी म्हणतो आणि तिचा कप वेगळा ठेवतो! या शब्दाला इतिहास आहे. पूर्वी श्रीमंतांच्या घरी चिनी मोलकरणी असत, त्यांना मा-चे म्हणत. त्यांतल्या बऱ्याच पर्ल नदीच्या मुखाजवळच्या शुन्दे भागातल्या. तिथे मुली रेशमाच्या कारखान्यांत कमवायच्या, आणि त्यांतल्या काही लग्न न करण्याची शपथ घ्यायच्या. लग्नाच्या वेळी नवरीचे केस विंचरून वर बांधायची प्रथा होती. या मुली देवासमोर आपले केस आपणच विंचरून घ्यायच्या. १९३० च्या मंदीत रेशीम बसलं, तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणी हाँगकाँग, सिंगापूरला घरकामाला गेल्या. पांढरा सदरा, काळी विजार, पाठीवर लांब वेणी. पैसे साठवून, वर्गणी काढून त्या म्हातारपणासाठी एकत्र घर घ्यायच्या. आपल्याकडे एकटीने राहायचं ठरवणाऱ्या मुलीला आपण अजून घर भाड्याने मिळवून देऊ शकत नाही!

१९७० नंतर त्यांची जागा फिलिपिनी आणि पुढे इंडोनेशियन बायकांनी घेतली. आज त्या तीन लाखांहून जास्त आहेत. २००३ पासून त्यांना मालकाच्या घरीच राहावं लागतं. करार मोडला तर दोन आठवड्यांत देश सोडायचा, हा नियम १९८७ चा. २०२४ साली ठरलेलं त्यांचं किमान वेतन महिना ४,९९० हाँगकाँग डॉलर. त्याच वर्षी इतर कामगारांना तासाला किमान ४० डॉलर होते. तो कायदा घरात राहून काम करणाऱ्यांना लागू नाही. जेवण द्यायचं, नाहीतर जेवणाचे महिना १,२३६ डॉलर. हिशेब करा, दिवसाला एक्केचाळीस. मालकाच्या घरी सगळ्यांचं रांधणारी ही बाई कुठे बसून जेवते, केव्हा, आणि काय, हे त्या आकड्यात कुठे दिसत नाही.

आठवड्यातून एक दिवस सुट्टी, बहुतेकींची रविवारी. स्वतःची खोली नाही, तेव्हा त्या रस्त्यावर येतात. शाम शुई पोहून मेट्रोने दुसरं स्टेशन मोंग कॉक. तिथल्या पादचारी पुलावर रविवारी चालायला वाट उरत नाही. पुठ्ठे अंथरून बायका बसलेल्या असतात. केस विंचरून देतात, घरी पाठवायच्या खोक्यांना चिकटपट्टी लावतात, गाणी म्हणतात.

आता हे पुठ्ठे. ते जमवणाऱ्या म्हाताऱ्या शाम शुई पोत पावलोपावली भेटतात. कमरेत वाकलेल्या, ढकलगाडीवर स्वतःपेक्षा उंच थर रचून रद्दीवाल्याकडे निघालेल्या. २०१७ साली सेंट्रल या भागात अशाच एका ७५ वर्षांच्या बाईने एका फिलिपिनी कामकरणीला बसायला पुठ्ठा विकला. एका डॉलरला. तेवढ्यावरून विनापरवाना फेरीवाली म्हणून तिच्यावर खटला भरला. लोक खवळले, तेव्हा तो मागे घेतला गेला. पुठ्ठा विकत घेणारीला बसायला घर नव्हतं, आणि विकणारीला म्हातारपणी बसून खायला काही नव्हतं. दोघींचा मिळून व्यवहार एका डॉलरचा, आणि सरकारला तेवढाच दिसला.

मोंग कॉकच्या पुलावर चार इंडोनेशियन मुलींनी मला हाक मारून बसवून घेतलं. भात, तळलेले मासे आणि मिरचीची लालभडक चटणी. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची नाही. चटणी तिखट लागली म्हणून मी नाक पुसलं, तर त्या हसून हसून लोळल्या. एकीने खुणेनं सांगितलं, घरी मालकिणीला वास चालत नाही, म्हणून ही चटणी फक्त रविवारी.

चर्चेला वेळ ठेवायचा आहे, तेव्हा मी इथे थांबते. पुट चाय कोच्या दोन वाट्या मी बरोबर आणल्या आहेत, रिकाम्या. तांदळाचं पीठ आणि साखर आपल्याकडे आहेच. कुणाच्या घरी करायचं, आणि कुणी करायचं, तेवढं ठरवा.