भर उन्हाळ्यातली नदी आणि गळाची मर्यादा

गळाने मासे धरण्याच्या ज्या पद्धती जगात रूढ आहेत, त्यांत ‘फ्लाय फिशिंग’ ही अतिशय नाजूक मानली जाते. या पद्धतीत गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत; बारीक गळावर पीस, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून पाण्यावर उतरणाऱ्या कीटकासारखे आमिष तयार करतात, आणि ते इतके हलके असते की ते दूर फेकण्यासाठी दोरीच्याच वजनाचा उपयोग करावा लागतो. युरोपात ही कला मुख्यतः ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी वाढली. भारतात १९०० साली काश्मिरात परदेशातून आणलेल्या अंड्यांपासून ट्राउटची पैदास साधली आणि पुढे निलगिरीच्या थंड ओढ्यांतही हा मासा स्थिरावला. दख्खनच्या उष्ण नद्यांत मात्र त्याला जागा नव्हती.

याचे कारण पाण्याच्या तापमानात आहे. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो : २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलत असल्यामुळे, पाणी तापले की त्यांची प्राणवायूची गरज उलट वाढते. गळाला लागलेला मासा झुंजतो तेव्हा त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि त्याचा निचरा होण्यासही प्राणवायूच लागतो. म्हणून तापलेल्या पाण्यात सोडून दिलेला मासा डोळ्यांदेखत पोहत गेला, तरी काही तासांनी मरू शकतो. ट्राउटच्या नद्यांवरचे जाणते गळकरी भर उन्हाळ्यात आधी पाण्यात तापमापी बुडवतात, आणि पारा २० अंशांच्या आसपास गेलेला दिसला की पहाटेची वेळ सोडून गळ टाकत नाहीत. मासा सोडायचा झाल्यास हात ओले करून, त्याला पाण्याबाहेर न काढता, तोंड प्रवाहाकडे करून धरतात आणि शेपटीला जोर आल्यावरच हात सैल करतात.

महाराष्ट्रात ट्राउटच्या तोलाचा मासा म्हणजे महसीर. दख्खनी महसीर, ज्याला मराठीत खडस म्हणतात, त्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी पुणे परिसरातल्या नद्यांतल्या नमुन्यांवरून १८३९ साली प्रसिद्ध केले. कृष्णा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांत, वाहत्या आणि खडकाळ पाण्यात हा मासा राहतो. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो वरच्या अंगाला चढतो आणि वाळू-गोट्यांत अंडी घालतो. ही अंडी आकाराने मोठी, पण रोहू-कटल्याच्या मानाने संख्येने थोडी असतात. याचा अर्थ असा की ज्येष्ठातल्या डोहात धरलेली मादी ही येत्या पावसाळ्याची पूर्ण वीण पोटात घेऊन असण्याची शक्यता मोठी असते.

उन्हाळ्यात अशा डोहांवर काय ओढवते, ते गोदावरीवर दिसते. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस पैठण येथे १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर या जलाशयाचा विस्तार भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर असतो आणि साठा सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर. म्हणजे तुडुंब भरलेला असतानाही त्याची सरासरी खोली आठ-नऊ मीटरच भरते. इतके उथळ, पसरट पाणी वैशाखाच्या उन्हात वेगाने आटते आणि तापते, आणि वरच्या अंगाच्या नद्या एकमेकींपासून तुटलेल्या डोहांपुरत्या उरतात. त्या डोहांत कोंडलेले मासे धरणे सोपे असते, आणि नेमके म्हणूनच तेव्हा ते धरणे नदीला सर्वांत महाग पडते. सुरुंग, विष किंवा विजेचा झटका यांनी तर डोहातली पिल्लेसुद्धा एका दिवसात नष्ट होतात, आणि त्याची झळ सर्वांत आधी जाळ्यावर पोट असलेल्या भोई कुटुंबांना लागते.

या संकटावरचा उपाय महाराष्ट्राला परका नाही. महाडजवळ वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी धरत नाही. दुसरीकडे, लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने महसीरची कृत्रिम पैदास करून बीज अनेक जलाशयांत पोहोचवले आहे. तथापि सोडलेले बीज वाढण्यासाठी उन्हाळ्यात टिकणारे डोह हवेतच. ते नसतील, तर पैदासकेंद्राचे सारे श्रम वाया जातात.

म्हणून गोदाकाठच्या प्रत्येक गावाने आपल्या शिवारातला एक तरी खोल डोह निवडून, मार्चपासून चढणीचे मासे वर जाऊन अंडी घालेपर्यंत, त्यात जाळे किंवा गळ टाकायचा नाही असे ठरवावे. हौशी गळकऱ्याने दुपारच्या उन्हात गळ गुंडाळून ठेवावा, आणि पोट फुगलेली मादी हाती लागल्यास ती तत्काळ परत सोडावी. पावसाळ्यानंतर नदीत किती मासा असेल, याचा निर्णय मृगाच्या आधीच्या या थोड्या आठवड्यांत होतो, आणि तो बहुतांशी माणसाच्या हातात आहे.