गाण्यांतला घुमारा

तेरणेच्या कांठीं वसलेल्या माकणीसारख्या गावांत, चाळीस फूट खोल अशा कोरड्या आडावर वांकून एखाद्या पोरानें हांक मारली, म्हणजे ती जाड होऊन घुमत वर येते. तीच हांक नळदुर्गच्या तटासमोर पन्नास पावलांवरून मारली, तर मूळ हांक संपल्यावर दुसरी वेगळी ऐकूं येते. लोक दोहोंनाहि प्रतिध्वनि म्हणतात; परंतु शास्त्राला हा गोंधळ चालत नाहीं. परतलेला ध्वनि सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक उशिरानें आला, तरच कान त्याला निराळा ओळखतो. त्याच्या आंत आला, तर तो मूळ ध्वनींत मिसळून जातो. असे असंख्य परतलेले ध्वनि एकमेकांवर चढतात व हळूहळू विरतात, त्याला निनाद म्हणावयाचें. बोलीभाषेंतला घुमारा तो हाच.

हार्वर्ड विद्यापीठांतील एका व्याख्यानगृहांत बोललेला शब्द पांच-साडेपांच सेकंद घुमत राही, व व्याख्यान कोणालाच समजत नसे. १८९५ पासून वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकानें तेथें शेजारच्या नाट्यगृहाच्या गाद्या रात्रीं आणून, सकाळपूर्वीं परत पोंचवून, मोजमाप केलें. जागा जितकी मोठी तितका निनाद लांबतो, व मऊ वस्तू जितक्या अधिक तितका तो लवकर मरतो, असें त्याला आढळलें. बोलपट निघाल्यावर मुद्रणगृहांनीं यांतला उत्तरार्ध तेवढा उचलला! शब्द स्पष्ट यावे म्हणून भिंती मऊ अस्तरांनीं मढविल्या, आणि शब्द स्पष्ट आलेहि. पण गाणें कोरडें पडलें. दगडी सभामंडपांत भजन ऐकण्याची संवय असलेल्या कानाला असा आवाज उघडा वाटतो.

हा घुमारा परत आणावा कसा? मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्यें १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटासाठीं याचें उत्तर पायांनीं दिलें गेलें. संगीतकार खेमचंद प्रकाश; गायिका लता मंगेशकर, तेव्हां विशीच्या उंबरठ्यावरच्या. ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या आरंभीं आवाज लांबून येत आहे असा भास हवा होता. ध्वनिग्राहक दालनाच्या मध्यभागीं ठेवण्यांत आला, आणि गायिकेनें कोपऱ्यापासून गात गात, एकेक पाऊल टाकीत त्याच्यापाशीं यावें असें ठरलें. गीताचें मुख्य चरण सुरू होण्याच्या क्षणींच तिनें तेथें पोंचलें पाहिजे. चाल चुकली कीं सर्व पुन्हां पहिल्यापासून. यांतलें शास्त्र असें कीं, गाणारा दूर असतांना थेट येणारा स्वर क्षीण असतो, परंतु निनाद मात्र दालनभर जवळजवळ सारखाच भरलेला असतो. जवळ यावें तसतसा थेट स्वर वाढतो व निनाद त्याच्या मागें दडतो. कान अंतर ओळखतो तें पुष्कळ अंशीं या प्रमाणावरून. नुसता आवाज बारीक-मोठा करून हा भास साधत नाहीं.

पुढें १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’ मधील ‘प्यार किया तो डरना क्या’ या गाण्याला शीशमहालाचा घुमारा हवा होता. त्यासाठीं नौशादांनीं लताबाईंना मुद्रणगृहाच्या न्हाणीघरांत गावयास लावलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. हंसूं आलें तरी कल्पना विक्षिप्त नव्हे. शिकागोंत बिल पुटनम यानें १९४७ सालीं माउथऑर्गनवादकांच्या एका तबकडीसाठीं न्हाणीघराचाच उपयोग केला होता. गुळगुळीत, टणक भिंती ध्वनि शोषीत नाहींत, एवढेंच तिचें रहस्य.

मोठ्या संस्थांनीं मग यासाठीं स्वतंत्र खोल्याच बांधल्या. गाणाऱ्याचा आवाज तारेनें त्या रिकाम्या खोलींतल्या ध्वनिवर्धकांत सोडावयाचा, दुसऱ्या टोंकाच्या ध्वनिग्राहकानें घुमारा टिपावयाचा, आणि मूळ आवाजांत बेतानें मिसळावयाचा. यांतला ‘बेतानें’ हा शब्द महत्त्वाचा आहे. डाळीला फोडणी असावी, फोडणींत डाळ नसावी. मराठी भावगीताचा जीव शब्दांत असतो. जोडाक्षर घुमाऱ्यांत बुडालें, कीं स्वर कितीहि गोड असो, कवीवर अन्याय होतो.

खोली बांधणें सर्वांना परवडणारें नव्हतें. १९५७ सालीं एका जर्मन कारखान्यानें खोलीच्या जागीं पोलादी पत्रा आणला: दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड, चौकटींत स्प्रिंगांवर ताणून टांगलेला. गाण्यानें तो थरथरे, कंप कडांवरून परतत राहात, व ते टिपले कीं घुमारा तयार. सगळें धूड सुमारें पावणेतीनशे किलोचें! १९७६ सालीं त्याच कारखान्यानें अंकगणितानें घुमारा निर्माण करणारें यंत्र विक्रीस आणलें.

आतां खरी जागाच टिपून नेतां येते. एखाद्या देवळांत फुगा फोडतात व तो आवाज विरेपर्यंत नोंदवून घेतात. त्या नोंदीवरून संगणक हिशेब करतो, आणि घरच्या खोलींत बसल्या जागीं गायलेलें गाणें त्या सभामंडपांत गायल्यासारखें ऐकूं येतें.