मुलांचें साहस आणि आईबापांचें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवांत आईबापांच्या सभेपुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत आपल्या धर्मग्रामाच्या गतकाळाविषयीं पुष्कळ बोलणें झालें, आणि तें योग्यच झालें. परंतु मंदिराच्या भिंती कितीही जुन्या झाल्या तरी धर्मग्रामाचें बळ त्यांतील मुलांवरूनच मोजावें लागतें. म्हणून आज आम्हीं मुलांचा विषय घेतला आहे. हा विषय आम्हीं पुस्तकांतून शोधून काढलेला नाहीं. आपल्यापैकीं अनेकांनीं तो निरनिराळ्या शब्दांत आम्हांस विचारला आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो, 'मी एकटाच कडा चढणार, एकटाच डोहांत उडी घेणार, एकटाच मोटारसायकलीनें रात्रीं घाट उतरणार. मला अडवूं नका.' अशा वेळीं बापानें काय म्हणावें? आईनें होकार द्यावा, कीं नकार?

आपला जव्हार-मोखाड्याचा मुलूखच असा आहे, कीं येथें संकट शोधण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. सह्याद्रीचे कडे दाराशीं आहेत; वाघ, पिंजाळ, लेंडी या नद्या उन्हाळ्यांत दगडगोट्यांतून वाहतात आणि आषाढांत घोंघावत येतात. आपल्या पाड्यावरील मूल दहाव्या वर्षीं गुरांमागें रानांत जातें, भर पावसांत ओहोळ ओलांडून शाळा गाठतें, आणि कित्येक मुलें दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. याला कोणी साहस म्हणत नाहीं, कारण तें पोटासाठीं असतें. तेव्हां आपल्या मुलांत धैर्य नाहीं असें कोणीं म्हणूं नये. उणें आहे तें दुसरेंच कांहीं आहे.

ता. 2 जुलै 2020 चा दिवस या भागांतील लोक विसरलेले नाहींत. टाळेबंदीचे ते दिवस होते. जव्हार शहरांतील तेरा तरुण काळमांडवीच्या धबधब्यावर गेले. छायाचित्र काढतांना दोघे पाण्यांत पडले. त्यांस वांचविण्यासाठीं सोबत्यांनीं उड्या घेतल्या. आणि पाहतां पाहतां पांच जण बुडाले. एवढ्याशा गांवांतून एका दिवसांत पांच तरुण गेले! पुढें मे 2024 मध्यें दाभोसा येथें बाहेरगांवाहून आलेल्या दोघां मित्रांनीं सुमारें 120 फुटांवरून डोहांत उडी घेतली. एक बुडाला, दुसरा जबर जखमी झाला, आणि त्या उडीचें चलच्चित्र लाखों लोकांनीं घरीं बसून पाहिलें.

बंधुभगिनींनो, काळमांडवीस गेलेलीं तीं मुलें वाईट नव्हतीं. मित्रासाठीं जीव धोक्यांत घालणारें प्रेम प्रभूच्या दृष्टीनें लहान नाहीं. परंतु प्रेमाच्या हातीं दोर असावा लागतो. धबधब्याच्या पायथ्याशीं वरून पडणारें पाणी माणसास खालीं दाबतें. तेथें चांगला पोहणाराही वर येऊं शकत नाहीं. बुडणारा मनुष्य भयानें वांचविणाऱ्यास मिठी मारतो व त्यासही खालीं नेतो. म्हणून उडी न घेतां कांठावरून दोर टाकावा, बांबू पुढें करावा, रिकामा बंद डबा फेकावा, आणि एकानें माणसें आणण्यास धांवावें, ही गोष्ट प्रत्येक मुलास त्याच्या घरीं कळली पाहिजे. आपण मुलांस 'पाण्याजवळ जाऊं नको' असें हजार वेळां सांगतों. 'गेलास तर काय कर' हें एकदांही सांगत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्यास दोन सोपीं उत्तरें आहेत, आणि दोन्ही आम्हांस अपुरीं वाटतात. पहिलें असें, कीं मुलगा वयांत आला, त्याचें तो पाहील. दुसरें असें, कीं उंबरठा ओलांडशील तर तंगडी मोडीन. पहिल्या उत्तरांत आळस आहे, दुसऱ्यांत भय आहे. आणि मुलाला दोन्हींवरून एकच गोष्ट कळते, कीं या विषयावर घरीं बोलण्यांत अर्थ नाहीं. मग तो न सांगतां जातो. न सांगतां गेलेल्या मुलास दिवस मावळल्यावर कोणत्या खोऱ्यांत शोधावें? मोखाड्याकडच्या रानांत कित्येक ठिकाणीं मोबाईलला रेंजही मिळत नाहीं. सर्वांत धोक्याचें साहस कोणतें म्हणाल, तर जें घरीं ठाऊक नाहीं तें.

यावर कोणी म्हणेल, मग होकार द्यावा काय? दूर देशांत घडलेली एक गोष्ट ऐका. 2009 सालीं हॉलंडमधील लॉरा डेकर नांवाच्या तेरा वर्षांच्या मुलीनें शिडाच्या नौकेंतून एकटीनें पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा बेत केला. तिच्या बापाची संमति होती. परंतु बालसंरक्षणाच्या अधिकाऱ्यांनीं हरकत घेतली व प्रकरण न्यायालयांत गेलें. न्यायालयानें तिला त्यांच्या देखरेखीखालीं ठेवलें आणि निघूं दिलें नाहीं. त्या काळांत तिनें प्रथमोपचाराचें शिक्षण घेतलें व अधिक मोठी नौका सज्ज केली. जुलै 2010 मध्यें न्यायालयानें देखरेख उठविली, ऑगस्टांत ती निघाली, आणि ता. 21 जानेवारी 2012 रोजीं, सोळा वर्षांची असतां, कॅरिबियन समुद्रांतील सेंट मार्टिन बेटावर तिनें आपली प्रदक्षिणा पुरी केली. याच 2010 सालीं ॲबी सुंदरलँड ही सोळा वर्षांची अमेरिकन मुलगी तशाच प्रवासांत हिंदी महासागराच्या दक्षिणेस तुफानांत सांपडली. नौकेची डोलकाठी मोडली. एका फ्रेंच मच्छीमार जहाजानें तिला उचललें म्हणून ती वांचली. नौकाविक्रमांची नोंद ठेवणाऱ्या जागतिक मंडळानें वयानें सर्वांत लहान असण्याचा विक्रम नोंदणें सोडून दिलें. लहान वयाचीच बक्षिसी ठेवली, तर उद्यां कोणी बारा वर्षांचें मूल समुद्रांत लोटील, हें उघड आहे.

लॉराच्या गोष्टींत आम्हांस मोलाचें वाटतें तें हें, कीं तिला शेवटपर्यंत 'नाहीं' असें उत्तर मिळालें नाहीं. 'अजून नाहीं' असें मिळालें, आणि त्या 'अजून'मध्यें काय काय करावयाचें तेंही तिला कळलें. होकार आणि नकार यांच्यामध्यें असलेली ही वाट आईबापांनीं ओळखावी. नुसतें 'अजून नाहीं' म्हणून गप्प बसणें हा नकारच होय. 'अजून नाहीं, आधीं पोहणें शीक, आधीं माझ्याबरोबर दोन वेळां ये, आधीं पाऊस संपूं दे,' असें म्हणणें हें शिक्षण होय.

आणि हें आपल्या लोकांस नवें नाहीं. गुरांमागें एकटा जाणारा आपला गुराखी मुलगा पहिल्याच दिवशीं एकटा गेला काय? आधीं तो बापामागून गेला. नदीला उतार कोठें आहे, कोणत्या दगडावर शेवाळ धरतें, वरच्या अंगास ढग भरले असतां पात्रांतून किती लवकर बाहेर पडावें, हें त्यानें पाहून घेतलें. एकटेंपण ही त्याच्या शिक्षणाची शेवटची पायरी होती. शहरी चालीनें आलेल्या साहसांत हीच पायरी पहिली झाली आहे, आणि तेथेंच पाय घसरतो.

या बाबतींत ख्रिस्तसभेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. पोप अकरावे पायस हे धर्मगुरू असतांना नामांकित गिर्यारोहक होते. 1889 सालीं त्यांनीं आल्प्स पर्वतांतील मोंते रोझाच्या पूर्वेकडील बिकट बाजूनें चढाई केली आणि एक रात्र अंग टाकण्यासही जागा नसलेल्या अरुंद खडकावर जागून काढली. परंतु ते एकटे गेले नव्हते. बरोबर एक धर्मगुरू मित्र व वाटाडे होते. गिर्यारोहण म्हणजे जिवावर उदार होणें नव्हे, तें विवेकाचें काम आहे, असेंच त्यांचें मत होतें. 2025 सालीं संतपदास चढविलेले पिएर जॉर्जो फ्रासाती हेही तरुणपणीं मित्रांचा मेळा घेऊन पर्वतावर जात असत. ख्रिस्तसभेनें उंचीची ओढ पाप मानिली नाहीं.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहूं. मे 2018 मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांचे पांच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोंचले. तीं आपल्याच मुलांसारखीं गरीब घरचीं मुलें. परंतु निवडीनंतर त्यांस अनेक महिने शिक्षण मिळालें, दार्जिलिंग व लडाख येथें सराव मिळाला, आणि शिखरावर अनुभवी शेर्पा बरोबर होते. मे 2024 मध्यें मुंबईची सोळा वर्षांची काम्या कार्तिकेयन त्याच शिखरावर गेली, तेव्हां नौदलांत अधिकारी असलेले तिचे वडील तिच्याबरोबर चढत होते. प्रत्येक बाप एव्हरेस्ट चढूं शकणार नाहीं. परंतु आपल्या मुलाबरोबर दाभोशाचा कांठ तरी चालून येणें कोणास अशक्य आहे? आणि या गोष्टींत मुलींचीं नांवें आलीं, हेंही आईबापांनीं लक्षांत घ्यावें. मुलग्यास मुभा व मुलीस केवळ धाक, असा न्याय घरांत नसावा.

तेव्हां मुलानें परवानगी मागितली असतां आईबापांनीं त्याला चार प्रश्न शांतपणें विचारावे. तूं कोठें व केव्हां जाणार, आणि केव्हां परतणार? या कामाचें शिक्षण तुला कोणीं दिलें? अपघात झाला तर तुजपर्यंत कोण व किती वेळांत पोंचेल? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: कोणत्या गोष्टी दिसतांच तूं मागें फिरशील? ज्या मुलाजवळ चौथ्या प्रश्नाचें उत्तर नाहीं, त्यानें एकटें जाऊं नये. पुढें जाण्यास धैर्य लागतें. सोबती हंसत असतां, हातांतला कॅमेरा सुरू असतां, शिखर डोळ्यांसमोर असतां मागें फिरण्यास अधिक लागतें.

सैतानानें प्रभु येशूस मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाकण्यास सांगितलें, हें आपणांस ठाऊक आहे. देवदूत झेलतील असेंही वचन दाखविलें. प्रभूनें उडी घेतली नाहीं. देवाची परीक्षा पाहणें तो विश्वास समजला नाहीं. तोच प्रभु पुढें कालवारीच्या टेंकडीवर मरण पत्करण्यास कचरला नाहीं. तरुण मुलांनो, हें नीट पाहा. शिखरावरून उडी घ्यावयाची होती ती लोकांच्या डोळ्यांसाठीं. क्रूस घेतला तो लोकांच्या तारणासाठीं. तुमचा जीव स्वस्त नाहीं. तो चार घटकांच्या वाहवेस विकूं नका.

आणि आईबापहो, तुम्हीं बारा वर्षांच्या येशूची कथा आठवावी. पवित्र मरिया व संत योसेफ यांनाही तीन दिवसांचा घोर चुकला नाहीं. मूल सांपडल्यावर मातेनें त्याला प्रश्न विचारला, त्याचें उत्तर ऐकून घेतलें, आणि तें पूर्णपणें न कळतांही मनांत सांठवून ठेविलें. मुलगाही घरीं परतला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. आपल्या पित्याचें कार्य बाराव्या वर्षीं ओळखलेला तो पुत्र त्या कार्यास निघण्यापूर्वीं कित्येक वर्षें नाझरेथांत थांबला. त्या थांबण्यांत त्याचें कांहीं उणें झालें नाहीं.

एक कठीण गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस थांबतां येत नाहीं. सर्व तयारी करूनही एखादें लेंकरूं परत येत नाहीं. साप घरांतही चावतो, दरड रस्त्यावरही कोसळते. मुलास पूर्ण सुरक्षित ठेवण्याचें सामर्थ्य देवानें आईबापांस दिलेलें नाहीं. तयार करण्याचें दिलें आहे, आणि त्याचाच हिशेब तो मागेल. म्हणून ज्या घरावर असा घाला पडला असेल, त्या घरीं जाऊन 'तुम्हीं लक्ष दिलें नाहीं' असें कोणीं बोलूं नये. त्या मातेनें तें वाक्य स्वतःशीं रात्रंदिवस उच्चारलेलें असतें. तिच्याजवळ बसावें, जपमाळ म्हणावी, तिचीं भांडीं घासून द्यावीं.

या महोत्सवाची आठवण म्हणून आम्हांस एवढेंच मागावयाचें आहे. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक बापानें आपल्या मुलामुलींस घेऊन जवळच्या नदीचा कांठ एकदां चालून यावा, आणि कोठें उतरावें व कोठें कधींच उतरूं नये तें दाखवावें. ज्यांस पोहतां येतें त्यांनीं ज्यांस येत नाहीं त्यांस शिकवावें. प्रत्येक पाड्यावर एक लांब, मजबूत दोर सर्वांस ठाऊक असलेल्या जागीं टांगलेला असावा. आणि संध्याकाळीं जेवणाच्या वेळीं मुलास विचारावें, 'बाळा, तुला कोठें जावेंसें वाटतें?' त्याचें उत्तर ऐकून भय वाटलें तरी चेहऱ्यावर राग आणूं नये. कारण तें उत्तर आज आपल्यापाशीं आलें आहे, हीच देवाची कृपा समजावी.

परमेश्वर आपल्या मुलांस धैर्य देवो, त्या धैर्यास विवेक देवो, आणि त्यांस प्रत्येक संध्याकाळीं सुखरूप घरीं आणो. आमेन.